मोरचूद न घातलेली खळ

पहिली कोंबडी मेली त्या शुक्रवारी दादा बहरीनच्या वाळवंटात, सखीरला, मोटारींची शर्यत बघायला गेला होता. ऑफिसमधल्या कुणाकडे तरी एक तिकीट जास्तीचं होतं. मी आतल्या खोलीत बसून एका शाम्पूच्या बाटलीवरचा मजकूर मराठीत करत होते. आई परसात होती. तिने हाक मारली नाही. ती आत आली, नळाखाली हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "एक गेली."

"कुठं गेली?"

"मेली."

मी बाहेर गेले. घरमालकाच्या मोठ्या घराच्या मागच्या अंगाला आमच्या तीन खोल्या, आणि खोल्यांच्या मागे हे परस. खजुराची दोन झाडं, कपडे वाळत घालायची दोरी आणि कोपऱ्यात लाकडी फळ्यांचं, षटकोनी भोकांच्या जाळीचं खुराडं. कोंबडी खजुराच्या बुंध्याशी पडली होती. मानेपाशी पिसं ओली होती, बाकी ती झोपल्यासारखी दिसत होती. उरलेल्या पाच जणी खुराड्याच्या वरच्या दांडीवर एकमेकींना चिकटून गप्प बसल्या होत्या. आणि कंपाउंडच्या भिंतीवर मुंगूस होतं. राखाडी, लांबोडकं, टोकाला निमुळती होणारी शेपटी. इचलकरंजीला आमच्या चाळीमागच्या ओढ्यात दिसायचं, अगदी तसंच. त्याने आमच्याकडे बघून घेतलं आणि पलीकडच्या बागेत उतरलं. त्याला घाई नव्हती.

मला वाईट वाटायला हवं होतं. मी थोडा वेळ उभी राहून वाट पाहिली. काही आलं नाही. मग मी खड्डा खणला, कोंबडी पुरली आणि आत येऊन शाम्पूचं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं.

त्या दिवसांत माझं सगळंच असं चाललं होतं.

बाबा इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांचं काम करायचे. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. गव्हाच्या डब्याखाली पत्रकं, गादीखाली पत्रकं, दप्तराच्या वह्यांना कव्हरं पत्रकांची. ‘कामगार बंधू-भगिनींनो’ हे मला शाळेत जायच्या आधी लिहिता यायचं. आठवीत मी पहिलं पत्रक लिहिलं. बाबांनी त्यातली विशेषणं खोडली आणि तेच छापायला दिलं. पुढे कॉलेजात मी वस्तीच्या पाण्यावर लिहिलं, फीवाढीवर लिहिलं, बायकांच्या मजुरीवर लिहिलं. प्रत्येक पत्रकाचं पहिलं वाक्य रागाचं असायचं. राग मला सकाळच्या चहासारखा वेळेवर लागायचा.

बाबा सभेहून परत येताना रस्त्यातच गेले. माणसं खूप आली. घोषणा झाल्या. घोषणा देणाऱ्यांत मीही होते, आवाज माझाच होता. संध्याकाळी घरी येऊन मी उरलेल्या पत्रकांच्या घड्या घातल्या, कारण ती दुसऱ्या दिवशी वाटायची होती. घड्या घालून संपल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की आत काहीच हलत नाहीये. ते तसंच राहिलं. मी पत्रकं लिहायची थांबवली. कुणी विचारलं तर वेळ नाही म्हणायचे. खरं म्हणजे पहिलं वाक्य येत नव्हतं.

आई बोलायचीच थांबली. ती आयुष्यभर मागाच्या कांड्या भरत आली होती, सुताचा धागा तुटला तर न बघता गाठ मारणारी बाई. ती नुसती पडून राहायला लागली. वाढलं तर दोन घास खायची, नाही वाढलं तर मागायची नाही. दादाने आम्हा दोघींना बहरीनला आणलं. तिला त्याच्या व्हिसावर, मला व्हिजिट व्हिसावर. दादाचं लग्न झालं नव्हतं आणि त्या वर्षी तो विषय कुणी काढत नव्हतं.

आधी आम्ही त्याच्या अमवाज बेटावरच्या फ्लॅटवर राहिलो. तिथे भिंतीच्या जागी काच आणि काचेपलीकडे पाणी. आई काचेकडे पाठ करून निजायची. दादाला वाटलं, तिला जमीन हवी. त्याने बुदैयाच्या रस्त्याला आत, बागांच्या बाजूला हे जुनं घर भाड्याने घेतलं आणि रोज शहरात, सीफच्या ऑफिसपर्यंत गाडी हाकायला लागला. नव्या घरात आई भिंतीकडे तोंड करून निजायला लागली.

कोंबड्या आल्या त्या शेजारच्या भाभींमुळे. भाभी श्रीवर्धनच्या. त्यांच्या नवऱ्याचं कोपऱ्यावर कोल्ड स्टोअर आहे, म्हणजे आपल्याकडचं किराणा दुकान. निम्मं आयुष्य त्यांचं इथेच गेलं. एका सकाळी त्या पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आमच्या दारात आल्या. खोक्याला भोकं पाडलेली होती आणि आतून कुरकुर ऐकू येत होती.

"ताय कुठं हाय?"

"निजलीय."

"निजू दे. हे ठेव. माझ्याकडं जागा नाय आता. नको झाल्या तर सालन करून खा."

मी खोकं घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. आतल्या खोलीतून कॉटचा आवाज आला. आई उठून आली, खोक्यात वाकून बघितलं, एका कोंबडीच्या पंखाखाली हात घालून तिला उचललं आणि विचारलं, "खुराडं कुठाय?"

कितीतरी महिन्यांत तिने विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

त्यानंतर आई उठायला लागली. पहाटे उठून दाणे टाकायची, पाणी बदलायची. चुलीची राख मिळत नाही म्हणून भाभींकडून कोळशाची राख आणली आणि कोंबड्यांना अंग घोळायला कोपऱ्यात ओतून दिली. त्यांच्याशी बोलायची. आमच्याशी नाही, पण त्यांच्याशी बोलताना ऐकू येईल एवढ्या जवळ आम्हाला बसू द्यायची. "ही बघ, सगळ्यांच्या आधी खाती आणि अंडं देताना रुसती," असं कोंबडीला सांगायची, म्हणजे ते आम्हाला सांगणं असायचं. जेवायची. बाबांचं नाव तेवढं घेत नव्हती. आम्हीही घेत नव्हतो. दादा आणि मी कधी एकमेकांना म्हटलं नाही, पण दोघांना कळत होतं की या कोंबड्या आहेत तोवर आई उठणार आहे.

म्हणून त्या शुक्रवारी दादा सखीरहून आला, त्याला मी दारातच सांगितलं, तर त्याने आधी विचारलं, "आई कुठे आहे?"

आई परसात होती. तिने स्वयंपाकघरातली पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची खुराड्यापुढे नेऊन ठेवली होती आणि पडद्याची जुनी दांडी मांडीवर घेऊन बसली होती.

मुंगसाचं एक असतं, ते दिवसाउजेडी येतं. रात्री खुराड्याला कडी लावली की निवांत. पण दिवसभर कोंबड्यांना कोंडून ठेवलं तरी जाळीच्या भोकातून, फळ्यांच्या फटीतून ते कुठूनही शिरू शकतं, त्याचं डोकं आत गेलं की सगळं अंग जातं. त्यामुळे आई सकाळच्या दाण्यांपासून सूर्यास्ताच्या, मगरिबच्या बांगेपर्यंत खुर्चीवर बसायला लागली. भाभी भिंतीवरून डोकावायच्या.

"काय गो ताय, बसलीस काय पहाऱ्यावर?"

"बसले."

"तुमच्यात म्हणतात ना, मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो?"

"कोंबडीवाल्याचा नाही," आई म्हणाली.

भाभी हसून हसून भिंतीवरून खाली गेल्या. त्यांनीच मला सांगितलं की मुंगूस मुळातलं इथलं नाही. कुणी म्हणे पूर्वी साप-उंदीर मारायला हिंदुस्थानातून आणलं आणि मग ते वाढलं, आता सगळ्यांना नकोसं झालंय. "आपल्यासारखंच," त्या म्हणाल्या. पूर्वीची मी असते तर त्या एका वाक्यावर रात्रीत पत्रक लिहिलं असतं. कामाला आणा आणि काम झालं की उपद्रवी ठरवा. समोरच्या रस्त्याला नवं घर बांधत होते, तोंडाला फडकी बांधलेली माणसं भर दुपारी विटा चढवत होती, आणि मी त्यांच्याकडे बघत ते वाक्य मनात पूर्ण केलं. चांगलं वाक्य होतं. आतून काही उठलं नाही. शिवाय मुंगूस कामगार नव्हतं, मुंगूस होतं. मी वाक्य सोडून दिलं.

ऊन वाढायला लागलं तसा दादा चिडायला लागला. एकदा तो दुपारीच घरी आला, तेव्हा आई खुर्चीवर होती आणि तिचा अर्धा चेहरा तांबडा झाला होता.

"आई, हे चालायचं नाही. तुला चक्कर आली तर मी सीफहून येईपर्यंत काय?"

"सावलीत बसते की."

"सावली फिरते. तू फिरत नाहीस."

"ही हाय की घरात." ही म्हणजे मी.

"ती कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसते. घरात काय आग लागली तरी तिला कळायचं नाही."

तो म्हणाला ते खरंच होतं.

"ऑफिसमधला एक जण म्हणतो, औषध ठेवा. मासळीच्या तुकड्यात घालून."

"मारायचं नाही कुणाला," आई म्हणाली. "आत येऊ द्यायचं नाही, एवढंच."

"मग मी सांगून ठेवतो. अजून एक कोंबडी गेली ना, उरलेल्या मी भाभींना परत देणार. तुझ्या जिवापेक्षा कोंबड्या मोठ्या नाहीत."

आईने दांडी मांडीवरून खाली ठेवली. "मालकासारखं बोलायलास," ती म्हणाली.

आमच्या घरात याहून मोठी शिवी नव्हती. दादाचा चेहरा उतरला. तो आत गेला, गाडीची किल्ली घेतली आणि न जेवता परत ऑफिसला गेला. अशा वेळी मी पूर्वी मधे पडून दोघांना सुनावलं असतं, एकाला हुकूमशाहीबद्दल आणि दुसरीला हटवादीपणाबद्दल. मी ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी आई भाभींकडे जाऊन पुठ्ठ्याची रिकामी खोकी घेऊन आली. डोक्यावर एकावर एक रचून, इचलकरंजीच्या बाजारातून यावी तशी.

"त्याला आत काय हाय ते दिसतंय, म्हणून येतंय," तिने मला सांगितलं. "आडोसा करू. दिसलंच नाही तर येतंय कशाला?"

"पुठ्ठा कसा टिकेल? वाऱ्याने उडेल."

"कागद कसा टिकतो ते मला सांगू नको."

हे मात्र खरं होतं. आमच्या गावात एका कारखान्याच्या भिंतीवर वर्षानुवर्षं पोस्टरं लागायची. एकावर एक चढून त्यांची अशी पाटी झाली होती की कोपरा उचलला तर लाकडासारखा आवाज यायचा. त्यातली बरीचशी आईने चिकटवलेली. बाबा सभेत बोलायचे, मी मजकूर लिहायचे, आणि खळ शिजवायची ती. आम्हा तिघांना सुतारकाम येत नव्हतं, गवंडीकाम येत नव्हतं. कागद चिकटवणं येत होतं.

तिने मोठं पातेलं घेतलं. मैदा गार पाण्यात कालवून गाठी मोडल्या आणि मग मंद आचेवर ढवळत राहिली. डावावरून सलग धार पडायला लागली तेव्हा गॅस बंद केला. त्या वासाने माझे हात आपोआप ब्रश शोधायला लागले. मी विचारलं, "मोरचूद?"

खळीत मोरचूद घालायचं असतं. निळे खडे, कुटून. त्याने कागदाला कीड लागत नाही, उंदीर तोंड लावत नाहीत. हे आमच्या घरात भातात मीठ घालण्याइतकं ठरलेलं.

"नको," आई म्हणाली.

इथे ते कुठे मिळतं हे तिला ठाऊक नसणार असं मी धरून चालले आणि विषय सोडला.

कागद म्हणून आम्ही मॉलची जाहिरातपत्रकं घेतली. सीफच्या दुकानांची, दर आठवड्याला फाटकात टाकून जातात ती, रंगीत, सवलतींची. आई कुरकुरली की गुळगुळीत कागद खळ धरत नाही, म्हणून आधी पुठ्ठा, त्यावर खोक्यांचा तपकिरी कागद आणि वर ही पत्रकं. एक थर आडवा, एक उभा. मी खालून, ती वरून. दोघी बोलत नव्हतो, पण मी हात पुढे केला की तिचा ब्रश त्यात यायचा. चारही बाजूंनी कोपरे दाबून बसवले. वर हवेला जागा सोडली, खालून जमिनीपर्यंत सगळं बंद केलं.

भाभी भिंतीवरून बघत होत्या. "अगो, कोंबडीच्या घरावर कोंबडीचा भाव लावलास की." खरंच, दर्शनी बाजूला गोठवलेल्या कोंबडीचा मोठा फोटो आला होता, खाली तांबड्या अक्षरांत किंमत. आई मागे सरकून बघत राहिली. "राहू दे," ती म्हणाली. "वाचून तरी घाबरून आत राहतील."

शमाल, म्हणजे इथला उत्तरेचा कोरडा वारा, दोन दिवस वाहिला, त्यात ते सगळं वाळून टणक झालं. दादाने बोटाने टकटक करून बघितलं आणि मान हलवली. आईने खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणली. तिथून तिला परस दिसायचं आणि ऊन लागायचं नाही. मुंगूस एक-दोनदा भिंतीवरून गेलं. थांबलं नाही. मला वाटलं, चला, हे झालं.

मग एका दुपारी आई दारात बसलेली असतानाच खुराड्यात फडफड झाली. ती धावली. मीही त्या दिवशी ऐकलं आणि धावले. आम्ही दार उघडेपर्यंत एक कोंबडी संपली होती आणि मुंगूस दिसत नव्हतं. कुठून आलं, कुठून गेलं, काही कळेना. कागद सगळीकडून शाबूत होता.

आम्ही मेलेली कोंबडी तशीच ठेवली. दादा यायची वेळ झाली होती. मी म्हटलं, "आई, पुरून टाकू का?"

"त्याला सांगायचं नाही म्हणतीस?"

"तसं नाही."

"तसंच. आपल्यात लपवत नाहीत."

दादा आला. तिने त्याला दारातच सांगितलं, "एक गेली."

दादा बूट न काढता, ऑफिसच्या कपड्यांतच परसात गेला. आता तो भाभींना हाक मारणार, असं मला वाटलं. मी आईकडे बघितलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. माझ्या मनात स्पष्ट आलं की उद्यापासून ही परत भिंतीकडे तोंड करणार. ते कळलं, जसं उद्या रविवार आहे हे कळतं तसं.

दादा खुराड्याभोवती एक फेरी मारून मागच्या बाजूला खाली बसला. खालचा कागद त्याने नखाने उचलला. वरून टणक दिसत होता, पण जमिनीलगत आतून पोखरलेला होता. किल्लीने त्याने मोठा तुकडा सोलला. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला दातांच्या बारीक रेघा होत्या, आणि त्याच्या खाली मातीत एक बीळ, तिरकं आत खुराड्यात गेलेलं. उंदरांनी खळीसाठी रस्ता केला होता आणि उंदरांच्या मागे मुंगूस आलं होतं. आणि आम्ही तो रस्ता स्वतःच्या हातांनी कागदाने झाकून ठेवला होता, म्हणून कुणाला दिसला नव्हता.

दादाने तुकडा नाकाशी नेला. दादाही आमच्याच घरातला, खळ वासावरून ओळखणारा. "मोरचूद नव्हतं घातलं?"

"नव्हतं," मी म्हटलं.

"मुद्दामच नाही घातलं," आई मागून म्हणाली. "कोंबड्या टोचत्यात कागदाला. पोटात गेलं असतं."

"मग बोलायचं तरी."

"तुमचा बाप पण असंच म्हणाला होता."

दादाच्या हातातली किल्ली तशीच राहिली.

"तू लहान हुतास," ती त्याला म्हणाली. "मोरचूद संपलं हुतं आणि रात्रीत पोस्टरं लावायची हुती. म्हटलं एक दिवस नाही घातलं तर काय हुतंय. कचेरीच्या सगळ्या भिंतीला लावली. सकाळी बघतोय तर खालचा कागद उंदरांनी आणि वरचा बकऱ्यांनी खाल्लेला. बारा मागण्या हुत्या, एक शिल्लक नाही. मी रडायला लागले. तर हे म्हणत्यात, गप बस, निदान कुणाला तरी आपल्या मागण्या पचल्या."

ती हसली. थोडंसंच, नाकातून. दादाही हसला आणि मग त्याने तोंड फिरवून कागद सोलायला सुरुवात केली. मीही बसले. आम्ही अंधार पडेपर्यंत खुराडं सोलत होतो. कोंबड्या परत द्यायचं तो पुन्हा बोलला नाही. माझं म्हणाल तर मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. पण ‘हे म्हणत्यात’ असं आई म्हणाली होती. ‘म्हणायचे’ नाही.

पुढच्या शुक्रवारी दादाने लोखंडी वेल्ड केलेली जाळी आणली, करंगळी जाणार नाही अशा भोकांची. खुराड्याभोवती चर खणला. जाळी खाली नेऊन बाहेरच्या बाजूला वळवली, म्हणजे उकरणाऱ्याला पायाखाली जाळीच लागेल. वर माती, मातीवर दगड. दाराला खालून वरून कड्या, अंडी काढायला वेगळी झडप. हिशोब तपासणारा माणूस, त्याच्या हातांना फोड आले.

"हे कोंबड्यांचं घर गो की बँक?" भाभींनी विचारलं.

"बँकेतच काम करतो ना तो," आई म्हणाली.

मुंगूस आलं. त्याने सगळ्या बाजूंनी हुंगलं, एका कोपऱ्यात थोडं उकरलं, पाय जाळीला लागले तसं थांबलं. परत एक चक्कर मारली आणि गेलं. आम्ही तिघांनी खिडकीतून ते बघितलं. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. "खलास. आता झोप म्हणावं आईला निवांत."

आणि आई निजली.

हे लगेच ध्यानात आलं नाही. सकाळी दाणे टाकायची, झडपेतून अंडी काढायची, कड्या बघायची. ते लवकर उरकायचं. खुर्ची तिने आत आणून ठेवली, तिच्यावर धुतलेले कपडे साठायला लागले. मग एकदा मला तिच्या बाहेरच्या चपला दिसल्या, दाराशी, कोरड्या, आदल्या दिवशी ठेवल्या होत्या तशाच. जेवायला हाक मारली तर म्हणाली, भूक नाही. आत जाऊन बघितलं तर भिंतीकडे तोंड.

भाभींनी भिंतीवरून विचारलं, "ताय दिसत नाय?"

"आता काळजी नाही भाभी. कोंबड्या अगदी सुरक्षित आहेत."

"कोंबड्यांचं नाय विचारलं मी."

मी दादाला सांगितलं. तो माझ्या कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसून हातावरच्या फोडांची साल काढायला लागला. "जाळी काढू का आता?" तो म्हणाला. थट्टा नव्हती ती. त्याला खरंच कळत नव्हतं. मलाही नाही.

काही दिवस असेच गेले. एका दुपारी उन्हं कलल्यावर मी पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरात धुतलेल्या कपड्यांचा ढीग ओट्यावर होता आणि खुर्ची नव्हती. मागचं दार उघडं होतं. परसात कोंबड्या मोकळ्या फिरत होत्या, चारही. एक राखेत लोळत होती, एक खजुराच्या बुंध्याशी माती उकरत होती. खुराड्याचं दार सताड उघडं, वरची कडी खालची कडी दोन्ही काढलेल्या. आणि मधे खुर्ची, खुर्चीत आई, मांडीवर दांडी.

"आई, दार कुणी उघडलं?"

"मी."

"ते येईल ना."

"येऊ दे की. मी हाय."

"दादाने एवढी जाळी लावली, हात फोडून घेतले."

"चांगली लावली. रात्रीला लागती." ती माझ्याकडे न बघता बोलत होती, डोळे भिंतीवर. "संपात आम्ही कारखान्याच्या फाटकाशी बसायचो, कुणी आत जाऊ नये म्हणून, तू कुठं बघितलंस. तेवीस बायका. पाळीपाळीनं. फाटकाला कुलूप असतं तर आम्ही कशाला बसलो असतो?"

मी खजुराखाली उपडी घातलेली बादली ओढली आणि तिच्याशेजारी बसले. समोरच्या बांधकामावरची माणसं खाली उतरून बसची वाट बघत होती. थोड्या वेळाने भिंतीवर मुंगूस आलं. पुढचे पाय कठड्यावर ठेवून त्याने कोंबड्यांकडे बघितलं. राखेत लोळणारी भिंतीच्या सगळ्यांत जवळ होती. आईने दांडी जमिनीवर एकदा आपटली. मुंगूस हललं नाही. मला भीती वाटली. कोंबडीसाठी वाटली, त्या रुसणाऱ्या, मूर्ख, राखेने माखलेल्या कोंबडीसाठी. ती भीती थोडीच होती, पण माझी होती, आणि मी ती जाऊ नये म्हणून हलले नाही.

आई उठली, दोन पावलं पुढे गेली, दांडी पुन्हा आपटली. मुंगूस पलीकडे उतरलं.

दादाची गाडी आली. तो मागच्या दारात येऊन उभा राहिला. त्याने कोंबड्या बघितल्या, उघडं दार बघितलं, काढलेल्या कड्या बघितल्या. मग तो आत गेला आणि जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून बाहेर आला. ती त्याने आईच्या दुसऱ्या बाजूला ठेवली आणि टाय सैल करत बसला.

मगरिबची बांग झाली तशा कोंबड्या आपणहून आत जायला लागल्या. रुसणारी शेवटी गेली. आईने दार लावलं, वरची कडी, खालची कडी. दांडी तिने माझ्या हातात दिली.

"उद्या चारला तू," ती म्हणाली. मग दादाकडे बघितलं. "तुझी पाळी शुक्रवारी. बूट काढून ये."